सावकाराचा वाडा आणि सोसायटीचं कर्ज

बारामतीला पाहुणा आला की मी त्याला कऱ्हेच्या काठी, जुन्या गावातल्या बाबूजी नाईकांच्या वाड्याकडे नेतो. पाहुणा हमखास विचारतो, हा कुठल्या राजाचा? राजाचा नाही, सावकाराचा. मुंबईत जुन्या बँकांच्या दगडी इमारती आहेत. आमच्या गावात जुनी बँक म्हणून काही दाखवायचं तर हा वाडाच आहे.

बाबूजी म्हणजे सदाशिव नाईक जोशी, पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही. बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई बाबूजींचे भाऊ आबाजी यांना दिली होती. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमा कर्जावर चालत. १७४० साली बाजीराव रावेरखेडीला वारले, तेव्हा नाईकांचं देणं फिटलेलं नव्हतं. पेशवेपद बाबूजींना मिळावं म्हणून रघुजी भोसल्यांनी जोर लावला, खुद्द बाबूजींनी शाहू महाराजांपुढे मोठ्या नजराण्याची तयारी दाखवली. महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली. मग बाबूजींनी वसुलीचा तगादा लावला आणि महादोबा पुरंदऱ्यांनी पैसा उभा करून नव्या पेशव्यांना सोडवलं.

शाळेत आम्हाला या वाड्याची ओळख मोरोपंतांमुळे झाली. पंतांना नाईकांचा आश्रय होता, हे खरं आणि चांगलंच आहे. पण तो आश्रय ज्या पैशातून आला, त्या पैशाचा धडा कुणी घेतला नाही.

पेशव्यांना पुरंदरे भेटले. शेतकऱ्याला कोण भेटणार?

त्यासाठी इंदापूरला जावं लागतं. इंदापूर म्हटलं की मालोजीराजांची गढी आणि चाँदशावली बाबांचा दर्गा आठवतो. पण या तालुक्याची आणखी एक ओळख आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्याची नवी जमाबंदी १८३६ साली इंदापुरातच सुरू केली. प्रत्येक शेताची मोजणी, प्रतवारी आणि तीस वर्षांसाठी ठरलेला रोख सारा. आधीच्या मोजणीतला सारा जाचक होता, म्हणून हे दर सुरुवातीला हलकेच ठेवले होते. पण पाऊस बेभरवशाचा आणि हप्ता मात्र ठरलेला. तीस वर्षं सरली आणि १८६७ मध्ये इंदापूरचा सारा भरघोस वाढवला. त्याच सुमारास अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता. सारा भरायला रोकड हवी, रोकड सावकाराकडे, आणि सावकाराच्या हातात आता दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्याचा अंगठा जमीन घालवायला पुरेसा होता.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात त्याचा स्फोट झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, शाहमन्सूर बाबांच्या दर्ग्याचं गाव. लोकांनी गुजर सावकारांची दुकानं-घरं फोडली, खतं आणि वह्या जाळल्या. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. एवढ्या मोठ्या दंग्यात माणसांना मारहाण फार थोडी झाली. राग कागदावर होता.

तरीही एक गोष्ट मला खटकत राहते. सारा वाढवला सरकारने, हुकूमनामे दिले कोर्टाने, आणि बहिष्कार पडला तो बाहेरून आलेल्या गुजर-मारवाड्यांच्या दुकानांवर. त्यांच्यात पिळणारे होते, यात शंका नाही. गावातले देशी सावकार मात्र बहुतेक ठिकाणी सुटले. ‘बाहेरचा’ कोण हे गावाने एकदा ठरवलं की हिशोब कसा फिरतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. कर्जापायी होणारी कैद थांबली आणि खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा न्यायाधीशाला मिळाली. पुढे भाटघरच्या धरणातून नीरा डावा कालवा आला, उसाला पाणी मिळालं. पण ऊस पैसा आधी मागतो आणि वर्षाने देतो. म्हणजे पुन्हा कर्ज! विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी १९११ साली मुंबईत सहकारी बँक काढली, ती पुढे प्रांतिक बँक झाली. नीरा कालव्याच्या पट्ट्यातल्या सोसायट्या तिच्या सुरुवातीच्या कर्जदारांत होत्या आणि मुंबईबाहेरच्या तिच्या सुरुवातीच्या शाखांत एक बारामतीची. सावकाराच्या गावात सावकाराला पर्याय आला.

आता आपला प्रश्न. सूद हराम आहे, हे आपण मशिदीत ऐकतो. पण ते सांगताना बोट बहुधा घेणाऱ्या गरिबाकडेच असतं. सूरह बकरामध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची आणि जमल्यास देणं सोडून देण्याची शिकवण आहे. ती देणाऱ्यासाठी आहे. माझे आजोबा सोसायटीचे सभासद होते. उसाचं कर्ज घेत, व्याज भरत आणि दुआत माफी मागत. ठेवीवर आलेलं व्याज ते वेगळं काढून गरजूला देत. सवाबाची नियत न करता. सोसायटी नसती तर काय केलं असतं, असं मी एकदा विचारलं. “खतावर अंगठा,” एवढंच म्हणाले.

या वाड्यात पुढे बरीच वर्षं सरकारी कचेऱ्या बसल्या. आता त्याची डागडुजी झाली आहे. पाहुणे दरवाजापाशी फोटो काढतात, मग आम्ही चहाला बाजारात जातो.