समानार्थी शब्दांचे असमान इतिहास : हेस्टर पिओझी यांची गोष्ट

१/
आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. इंग्रजी-मराठी कोशात तिन्ही शब्दांसमोर 'विचारणे' हा अर्थ सापडतो. तरीही 'जेवलास का?' असे मुलाला विचारणारी आई त्याला इंटरॉगेट करत नसते आणि पोलीस संशयिताला नुसते आस्क करून थांबत नाहीत. अर्थ जवळपास एकच असेल, तर हा भेद येतो कुठून? त्याचे उत्तर व्याकरणापेक्षा इतिहासात अधिक आहे.

२/
इ. स. १०६६. हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम विजयी झाला आणि इंग्लंडचा राजा बनला. दरबार, न्यायालये आणि सरदारवर्ग यांची भाषा फ्रेंच झाली. चर्च आणि विद्याव्यवहार लॅटिनकडे होतेच. शेत, चूल आणि बाजार मात्र जुन्या इंग्रजीतच बोलत राहिले. एकाच भूमीवर तीन भाषांचे तीन मजले उभे राहिले.

३/
पुढे या तिन्ही मजल्यांवरील शब्द एकाच इंग्रजीत नांदू लागले. 'आस्क' मूळचा इंग्रजी, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनमधून घेतलेला. 'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल' ही त्रयीही तशीच. सर्वसाधारणपणे पहिला शब्द घरगुती, दुसरा प्रतिष्ठित आणि तिसरा ग्रांथिक वाटतो. 'हार्टी' आणि 'कॉर्डियल' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी हृदयच आहे. पण हार्टी स्वागतात मिठी असते, कॉर्डियल स्वागतात हस्तांदोलन.

४/
मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. 'प्रश्न' संस्कृतमधून आला, 'सवाल' अरबीतून फारसीमार्गे. विद्यार्थी परीक्षेत प्रश्न सोडवतो, फडावर मात्र सवाल-जवाब रंगतात. कार्यालयीन पत्रातून 'पृच्छा' होते, पोलीस ठाण्यात 'चौकशी' होते. यांतील एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवला, की वाक्य अडखळते.

५/
या संदर्भात एक लोकप्रिय कथा नेहमी सांगितली जाते. मेंढी राखणारा इंग्रज तिला 'शीप' म्हणे आणि ती ताटात वाढून घेणारा नॉर्मन सरदार तिलाच 'मटन' म्हणे. वॉल्टर स्कॉट यांच्या १८१९ सालच्या 'आयव्हॅनहो' कादंबरीने ही कल्पना घरोघरी पोहोचवली. तिच्यात तथ्य आहे, पण ते अपुरे. मध्ययुगात 'मटन' हा शब्द जिवंत मेंढीसाठीही वापरला जात असे. जनावर आणि मांस यांची काटेकोर वाटणी फार नंतर झाली. शब्दांच्या सीमा एका लढाईने आखल्या जात नाहीत, त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने पक्क्या होतात. तोच 'मटन' पुढे भारतात आला आणि मराठीत 'मटण' होऊन बहुधा बोकडाच्या वाट्याला गेला.

६/
कायद्याने तर दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसवले. 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स'. एक शब्द इंग्रजी, दुसरा लॅटिन वा फ्रेंच मुळाचा. मराठीतील 'कागदपत्र' आणि 'धनदौलत' याच जातीचे. गंमत अशी, की न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा इंग्लंडमध्ये १३६२ साली झाला, पण तो कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्ये.

७/
एवढी शब्दसंपत्ती साठल्यावर ती वापरायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. फ्रान्समध्ये गाब्रिएल जिरार यांनी १७१८ साली समानार्थी मानल्या जाणाऱ्या शब्दांमधील भेद सांगणारा ग्रंथ लिहिला. जॉन ट्रस्लर यांनी १७६६ साली त्याच्या आधारे इंग्रजी पुस्तक रचले. त्याआधी, १७५५ साली, सॅम्युएल जॉन्सन यांचा प्रसिद्ध कोश आला होता. दोन शब्द क्वचितच पूर्णपणे समानार्थी असतात, हे त्यांनी प्रस्तावनेत मान्य केले होते. ते भेद प्रत्यक्ष उलगडून दाखवण्याचे काम मात्र पुढे त्यांच्याच एका मैत्रिणीने अंगावर घेतले.

८/
हेस्टर लिंच सॅलसबरी यांचा जन्म १७४१ साली वेल्समध्ये झाला. १७६३ साली त्यांचा विवाह हेन्री थ्रेल या श्रीमंत मद्योत्पादकाशी झाला. पतीच्या निवडणुकीसाठी त्यांनी लंडनच्या सदर्क भागात मतदारांच्या भेटी घेतल्या, कारखान्याच्या व्यवहारातही लक्ष घातले. स्ट्रेटमच्या त्यांच्या घरी जॉन्सन वर्षानुवर्षे घरच्यासारखे राहत. कामगार, व्यापारी, मतदार आणि विद्वान अशा सर्वांची इंग्रजी त्यांच्या कानांवरून गेली होती. शब्दविवेकाचे त्यांचे शिक्षण असे झाले.

९/
१७८१ साली थ्रेल वारले. १७८४ मध्ये हेस्टर यांनी गाब्रिएल पिओझी या इटालियन संगीतकाराशी विवाह केला. परकीय, कॅथलिक आणि गाणे शिकवून पोट भरणारा! लंडनचा प्रतिष्ठित समाज खवळला. मुली दुरावल्या. लेखिका फॅनी बर्नी यांच्याशी असलेली मैत्री तुटली. जॉन्सन यांनी अत्यंत कठोर पत्र पाठवले. माझा दुसरा पती कुळाने, विचाराने वा व्यवसायाने पहिल्यापेक्षा हीन नाही, अशा आशयाचे ठाम उत्तर हेस्टर यांनी दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉन्सन यांचे निधन झाले.

१०/
आता त्यांच्या घरातच इंग्रजी परकी असलेला एक माणूस होता. परक्याची अडचण शब्द न कळण्याची नसते, चार शब्द कळूनही त्यांतला कोणता उच्चारावा हे न कळण्याची असते. १७९४ साली त्यांचा 'ब्रिटिश सिनॉनिमी' हा दोन खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्या संभाषणातील शब्दांची निवड हा त्याचा विषय आणि परदेशी वाचक हा त्याचा मुख्य वाचक. शुद्ध लेखन पुरुषांनी शिकवावे, पण बोलण्यातील निवड दाखवण्याइतका अनुभव स्त्रीकडे नक्कीच असतो, अशी नम्र पण धीट भूमिका त्यांनी प्रस्तावनेत मांडली.

११/
त्यांची पद्धत कोरड्या व्याख्यांची नव्हती. जवळचे शब्द एकत्र घ्यायचे आणि कोण कोणाशी कोणत्या प्रसंगी कोणता शब्द वापरतो, ते गप्पांच्या ओघात सांगायचे. उदाहरणार्थ, 'अफॅबिलिटी', 'कन्डिसेन्शन', 'कर्टसी' आणि 'ग्रेशसनेस' हे सौजन्यवाचक शब्द त्यांनी एका ओळीत बसवले. हे सौजन्य वरच्याने खालच्याला दाखवायचे की बरोबरीच्यालाही, हा त्यांचा प्रश्न. बोलण्यात जे खपते ते छापील ग्रंथात चालेलच असे नाही, हेही त्यांनी नोंदवले. शब्दांमधील भेद म्हणजे पुष्कळदा माणसांमधील अंतर असते, हे त्यांनी अचूक हेरले होते.

१२/
टीकाकारांनी हे काम गंभीरपणे घेतले नाही. विल्यम गिफर्ड यांनी तर त्यांना एकाही शब्दाची व्याख्या करता येत नाही आणि त्यांचे लॅटिन शाळकरी आहे, असा शेरा मारला. ज्या ग्रंथाचा विषयच बोलभाषा होता, त्याचे मोजमाप लॅटिनच्या पट्टीने झाले. त्या काळी बहुतेक स्त्रियांना लॅटिनचे रीतसर शिक्षणच मिळत नसे, हे कोणी लक्षात घेतले नाही.

१३/
पुढे १८१६ साली जॉर्ज क्रॅब यांचा व्युत्पत्तीवर भर देणारा ग्रंथ आला आणि दीर्घकाळ चालला. १८५१ साली इंग्रजी समानार्थी शब्दांवरचे आणखी एक पुस्तक आले. त्यावर संपादक म्हणून डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड व्हेटली यांचे नाव होते. लेखिका होती त्यांची कन्या एलिझाबेथ जेन. तिचे नाव मात्र पुस्तकावर नव्हते. १८५२ साली पीटर मार्क रॉजे यांचा 'थिसॉरस' प्रसिद्ध झाला. त्यात शब्द कल्पनांनुसार एकत्र आणले होते, पण त्यांच्यातील भेद समजावलेले नव्हते. निवड वाचकावर सोडलेली होती. कीर्ती याच ग्रंथाला सर्वाधिक लाभली.

१४/
हेस्टर पिओझी यांची दृष्टी किती योग्य होती, हे त्यांच्याच यादीतील एक शब्द दाखवतो. अठराव्या शतकात 'कन्डिसेन्शन' हा गुण होता. मोठ्या माणसाने आपला मोठेपणा बाजूला ठेवून लहानाशी आपुलकीने वागणे, असा त्याचा अर्थ. आज तोच शब्द दोष दाखवतो, कारण समोरच्याला कमी लेखणे हा त्याचा अर्थ झाला आहे. उच्चनीचतेची उतरंड समाजाने निमूट मानणे सोडले आणि शब्दाची स्तुती गेली, निंदा उरली. समानार्थी शब्दांची जुनी यादी पाठ करून हा बदल कळला नसता.

१५/
स्पर्धा परीक्षेसाठी समानार्थी शब्दांची जंत्री घोकणाऱ्याने म्हणून प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत. हा कोणाच्या घरून आला? कोण, कोणाशी बोलताना तो वापरतो? तो कोणत्या शब्दांच्या संगतीत राहतो? हेस्टर पिओझी यांना हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठाने दिले नव्हते. ते त्यांनी जेवणाच्या टेबलावर, मतदारांच्या दारात आणि परक्या मानल्या गेलेल्या पतीच्या सहवासात मिळवले होते.

मराठीतही प्रश्न, सवाल आणि पृच्छा यांसारख्या अनेक त्रयी आहेत. वाचकांनी त्या खाली जरूर नोंदवाव्यात.