संगणकाचे चित्र, चित्रफीत आणि शिरोरेषा

संगणकाच्या पडद्यावरील चित्र बाहेरील यंत्रावर मुद्रित करण्याचा इतिहास हा प्रथमदर्शनी केवळ तंत्रविद्येचा विषय वाटतो. परंतु देवनागरी लिपी पडद्यावर कशी दिसत होती, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकासही तो टाळता येण्याजोगा नाही.

दूरचित्रवाणीचे चित्र टिकवावयाचे तर प्रारंभी पडद्यासमोर कॅमेरा ठेवून त्याचे चित्रीकरण करावे लागे. 1956 मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने चुंबकीय फितीवर चित्र मुद्रित करणारे व्यवहारोपयोगी यंत्र पुढे आणले. हे यंत्र चित्र नव्हे, तर चित्राचा विद्युत्-संकेत ग्रहण करी. साहजिकच, संकेताची गती दूरचित्रवाणीच्या मापाची असणे ही त्याची अट होती. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. भारतीय पद्धतीत एका चित्रात 625 रेषा आणि सेकंदास 25 चित्रे, म्हणजे सेकंदास 15,625 रेषा, असे हे माप होते.

1980 च्या सुमाराचे लहान संगणक घरातील दूरचित्रवाणी संचासाठीच घडविलेले असत. 1984 मध्ये भारतीय शाळांतून सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता योजनेतील बीबीसी मायक्रो हा त्यांपैकीच एक होय. अशा यंत्राचा संकेत व्हिडिओ रेकॉर्डरला सरळ जोडता येई. 1987 मध्ये आयबीएम कंपनीने ‘व्हीजीए’ पद्धती आणली. तीत रेषांची गती सेकंदास सुमारे 31,500, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली. अक्षरे अधिक स्पष्ट झाली, परंतु रेकॉर्डरला तो संकेत ग्रहण करता येईना. पडद्याची सुधारणा हीच मुद्रणाची अडचण ठरली.

यावर ‘स्कॅन कन्व्हर्टर’ हा उपाय होता. ते उपकरण संगणकाचे चित्र स्मृतीत साठवून दूरचित्रवाणीच्या गतीने पुन्हा वाचून देई. तथापि दूरचित्रवाणीत विषम व सम रेषा आळीपाळीने उमटतात. त्यामुळे एकाच रेषेएवढी जाड आडवी खूण सेकंदास 25 वेळाच दिसते व थरथरते. रोमन अक्षरांत अशा आडव्या रेषा तुटक असतात. देवनागरीत मात्र शिरोरेषा शब्दभर सलग धावते. थरथर घालविण्यासाठी शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळल्या, की शिरोरेषा जाड व फिकट होई. घरगुती व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने सुमारे 240 रेषांइतकाच तपशील टिकत असल्याने बारीक अक्षरांची जोडणीही पुसट होई.

पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘जिस्ट’ तंत्राद्वारे भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या, त्या याच काळात. म्हणून त्या काळातील फितीवरील मराठी अक्षर पाहून मूळ पडद्यावरील अक्षराच्या वळणाविषयी निर्णय देणे धोक्याचे आहे. फितीवरील दोष लिपीच्या आखणीचा की रूपांतराचा, हे आधी ठरविले पाहिजे.

हा विवेक केवळ लिपीपुरता मर्यादित नाही. अहिल्यानगरजवळील (पूर्वीचे अहमदनगर) नागापूरसारख्या औद्योगिक वसाहतीचा इतिहास लिहिणाऱ्यास यंत्रांचे पडदेही कागदपत्रांइतकेच साधन ठरू शकतात; यंत्र मोडीत निघाले की तो पडदाही जातो. पुढे अंकीय जोडणीमुळे मुद्रण सुलभ झाले, परंतु जुन्या फिती वाचणारी यंत्रे दुर्मिळ होत गेली. जपानमधील फुनाई कंपनीने 2016 मध्ये व्हिडिओ रेकॉर्डरचे उत्पादन थांबविले. सबब फितीची नक्कल करून ठेवताना तिच्यासोबत संगणकाचा प्रकार, पडद्याची पद्धती व मधले उपकरण यांची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. या नोंदीवाचून फीत हा पुरावा राहतो खरा, पण अपुरा.