छापील पान ते संगणक: सोप्या वाटांचा इतिहास

आज आपण एका अगदी साध्या वाटणाऱ्या कामाचा इतिहास बघणार आहोत. समोर जुनं छापील पुस्तक आहे आणि त्यातला मजकूर आपल्याला संगणकात हवा आहे. पानाचा फोटो नको, मजकूर हवा: ज्यात शब्द शोधता येईल, उतारा उचलता येईल, अंध वाचकाला यंत्राकडून वाचून घेता येईल. या कामाच्या सोप्या वाटा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत एकामागून एक निघाल्या. प्रत्येक वाटेनं आपले कष्ट थोडे कमी केले, आणि प्रत्येक वाटेवर चुकांची जातही बदलली. आपण इतिहासाचे वाचक, तेव्हा ही दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची.

पहिली वाट म्हणजे सरळ टंकन. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप केला. प्रोजेक्ट गुटेनबर्गची सुरुवात तिथून झाली. तेव्हा त्या यंत्रावर इंग्रजीची छोटी लिपीही नव्हती, सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत. पुढे मोठ्या कोशांसाठी 'दुहेरी टंकन' रूढ झालं. दोन माणसं तेच पान स्वतंत्रपणे टाइप करतात, मग संगणक दोन्ही प्रती ताडून बघतो. जिथे फरक, तिथेच मूळ पान उघडायचं. यामागचा हिशेब साधा आहे: दोन माणसं एकाच जागी एकच चूक सहसा करत नाहीत.

दुसरी वाट यंत्रानं वाचण्याची, म्हणजे ओसीआर. ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फुर्निए दाल्ब यांनी 'ऑप्टोफोन' तयार केला होता. तो छापील अक्षरांचे सूर करून अंधांना ऐकवायचा. नंतरची बरीच यंत्रं ठरावीक वळणाचं अक्षरच वाचू शकत. १९७६ साली रे कर्झवाइल यांचं वाचनयंत्र आलं आणि वेगवेगळ्या वळणांची छपाई वाचू लागलं. तेही अंध वाचकांसाठीच होतं. आज आपल्या टेबलावर जो सपाट स्कॅनर असतो, त्याच्या घडणीतही त्या यंत्राचा मोठा वाटा आहे.

आता देवनागरीकडे येऊ. रोमन छपाईत अक्षरं सुटी उभी असतात. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना एका दोरीत ओवते, वर मात्रा नि वेलांटी, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरं. यंत्रानं एक अक्षर कुठे संपलं म्हणायचं? आयआयटी कानपूरला आर. एम. के. सिन्हा यांनी सत्तरच्या दशकात यावर काम सुरू केलं. सिन्हा आणि महाबल यांचा देवनागरी वाचनावरचा शोधनिबंध १९७९ चा. १९९७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून चौधुरी आणि पाल यांनी बंगाली आणि देवनागरी दोन्ही वाचणारी पद्धत मांडली. युक्ती अशी: आधी शिरोरेषा शोधायची, ती बाजूला काढायची, म्हणजे अक्षरं सुटी होतात. पण जुन्या पुस्तकात खिळे झिजलेले, शाई पसरलेली. मग 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गफलत होते, 'ख' चा 'रव' होतो.

मराठीत आणखी एक अडचण होती, ती मजकूर साठवण्याची. नव्वदच्या दशकात आपल्या डीटीपी दुकानांत भरपूर मराठी टाइप झालं, पण ते ज्या त्या फॉन्टच्या खाजगी क्रमांकांत. फॉन्ट नसेल तर पडद्यावर निव्वळ कचरा. देवनागरीसाठी १९९१ साली इस्की हे भारतीय मानक होतं, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. रोजच्या वापरात युनिकोड रुळलं ते २००० नंतर. मराठीचा 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो तर २००८ साली. म्हणजे एकदा टाइप झालेली पुस्तकं पुन्हा बदलून घ्यावी लागली, काही तर पुन्हा टाइप करावी लागली.

तिसरी वाट ओसीआर सर्वांच्या हाती येण्याची. 'टेसरॅक्ट' हा प्रोग्रॅम ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडला, २००५ साली खुला झाला, मग गुगलनं तो पुढे नेला. २०१८ च्या आवृत्तीपासून तो अक्षर-अक्षर तोडण्याऐवजी अख्खी ओळ एकदम वाचतो. आपल्या जोडाक्षरांना हे मानवलं. आज मोबाइलवर फोटो काढला की मजकूर हजर.

पण तपासायचं कोणी? २००० साली 'डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स' नं उत्तर दिलं: एका माणसाला एकच पान. आजचं मराठी विकिस्रोतही असंच चालतं. डावीकडे-उजवीकडे पान आणि मजकूर, एकानं तपासलं की खूण पिवळी, दुसऱ्यानं तपासलं की हिरवी. दुहेरी टंकनाचाच हिशेब, फक्त हाताऐवजी डोळ्यांचा.

आता मुद्द्याची गोष्ट. टायपिस्टची चूक दिसायची. जुन्या ओसीआरची चूक तर ओरडून सांगायची, कारण शब्दच अर्थहीन व्हायचा. नवी यंत्रं मात्र पुढचा शब्द काय असावा याचाही अंदाज बांधतात, आणि हा अंदाज बहुतेक आजच्या मराठीवर घडलेला असतो. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकात 'तें', 'घरीं', 'पुस्तकें' असं छापलेलं असतं. यंत्र गुपचूप अनुस्वार गाळतं. वाचताना काही खटकत नाही! पण जुन्या लेखनात 'तें' म्हणजे एक वस्तू आणि 'ते' म्हणजे अनेक पुरुष, किंवा आदराने एक. टिंब गेलं की व्याकरण गेलं. सावरकरांनी पुरस्कारलेल्या 'अ' च्या बाराखडीत छापलेला 'अि' कोणी 'इ' केला, तर लिपिसुधारणेच्या चळवळीचा पुरावाच त्या पानावरून पुसला जातो.

शोधाचंही तेच. उद्या कोणी अभ्यासक एखादा शब्द हजार पुस्तकांत शोधेल, सापडला नाही तर म्हणेल, त्या काळी हा शब्द नव्हता. शब्द होता हो, यंत्रानं तो दुसराच वाचला होता. कागदावर वाळवी दिसते, ही वाळवी दिसत नाही.

म्हणून आपल्यापैकी जे कोणी घरातलं, गावच्या वाचनालयातलं पुस्तक उतरवायला घेतील, त्यांनी पाच गोष्टी पाळाव्यात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संपली आहेत ना, ते आधी बघावं, कारण तोवर हक्क शाबूत असतो. पान सपाट ठेवून चांगल्या उजेडात, शक्यतो ३०० डीपीआयला प्रतिमा घ्यावी. ओसीआर खुशाल वापरावं, पण तपासताना अर्थ लागतोय का एवढंच बघू नये, पानावर काय छापलंय ते बघावं. जुनं लेखन तसंच ठेवावं. बदललंच तर सुरुवातीला तसं नोंदवावं. आणि शेवटचं, मजकुरासोबत पानाची प्रतिमा कायम जपावी. पुढचं यंत्र आपल्यापेक्षा बरं वाचेल, पण त्याला वाचायला पान तर शिल्लक पाहिजे.

थांबतो इथे. आता तुमचे प्रश्न घेऊ.