किशोरवयीन व्यसनप्रतिबंध आणि समवयस्कांचा प्रभाव

"मुलगा संगतीने बिघडला," असे उद्गार आपण अनेकदा ऐकतो. पहिली सिगारेट किंवा मद्याचा पहिला पेला बहुधा ओळखीच्याच हातून पुढे येतो. म्हणून पालक मुलांना मित्रांपासून दूर ठेवू पाहतात. परंतु जी संगत मुलाला व्यसनाकडे नेते, तीच त्याला त्यापासून राखूही शकते, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

भारत सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार व्हाइटनर, सोल्यूशन यांसारखे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के होते. मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक असलेला हा एकमेव प्रकार ठरला.

धोका ठाऊक असूनही मुले तो का पत्करतात? मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली अमेरिकेत संगणकीय वाहनखेळाद्वारे याचा अभ्यास केला. समवयस्क सोबत असताना किशोरवयीनांनी एकट्याने खेळणाऱ्यांपेक्षा अधिक धोके पत्करले. चोवीस वर्षांवरील व्यक्तींत असा फरक जवळजवळ आढळला नाही. अर्थात, केवळ दुष्परिणामांची व्याख्याने पुरेशी नाहीत. मित्रांमध्ये 'नको' म्हणणे प्रतिष्ठेचे व्हावे लागते.

हे साध्य होऊ शकते. दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात 'मैत्री' प्रकल्प राबविण्यात आला. त्यात निवडक विद्यार्थ्यांनीच वर्गातील उपक्रमांचे नेतृत्व केले. दोन वर्षांत, उपक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूसेवन ६८ टक्क्यांनी वाढले, तर उपक्रमाच्या शाळांत ते १७ टक्क्यांनी घटले.

इंग्लंड व वेल्समधील ५९ शाळांतील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तेथे आपल्यापैकी कोणाचा शब्द मानला जातो, हे १२-१३ वर्षांच्या मुलांनीच सुचविले. त्या मुलांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी भाषणे केली नाहीत. मधल्या सुट्टीत, येता-जाता सहज गप्पांतून विषय काढला. त्या शाळांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण कमी राहिले.

यातून आपल्या धर्मग्रामांना व शाळांना बोध घेता येईल. आपण बहुधा शिक्षकांच्या आवडीची, आज्ञाधारक मुले पुढे करतो. मुले मात्र ज्याचे ऐकतात तो क्रिकेटच्या संघातला किंवा मागच्या बाकावरचा असू शकतो. त्यालाच विश्वासात घ्यावयास हवे. मात्र व्यसनाकडे झुकलेल्या मुलांचाच वेगळा गट करणे टाळावे. अशा गटांत मुले एकमेकांना चुकीच्या वर्तनास प्रोत्साहन देतात, असे संशोधकांना आढळले आहे.

मित्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. व्यसन जडले असेल, तर मित्राने ते लपवू नये. विश्वासू प्रौढास सांगावे. त्याला चहाडी समजू नये. राष्ट्रीय साहाय्यवाणी १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. स्वतः मद्यपाशातून मुक्त झालेले फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे कृपा फाउंडेशनची स्थापना केली. त्याच वाटेने गेलेल्याचा हात धरून बाहेर पडता येते, हेच तेथील कार्य दाखविते.

तेव्हा "त्याच्या नादी लागू नकोस," एवढेच मुलांना न सांगता, "तू त्याला सावर," असेही आपण सांगू या.