यूडीपी-ग्लुकोज
ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची ग्लुकोज-साखळी, बांधताना पेशी वापरते ते ग्लुकोजाचे सक्रिय रूप. नुसते ग्लुकोज साखळीला आपणहून जोडले जात नाही. त्यासाठी लागणारी ऊर्जा आधी त्याच्यात भरावी लागते. यकृतात ग्लुकोकायनेज, स्नायूंत हेक्झोकायनेज हे विकर एटीपी खर्चून ग्लुकोज-६-फॉस्फेट बनवते. त्याचे पुढे ग्लुकोज-१-फॉस्फेट होते. यूटीपीशी त्याचा संयोग होऊन यूडीपी-ग्लुकोज तयार होते आणि पायरोफॉस्फेट सुटते. खरी खुबी इथे आहे: ही विक्रिया एरवी सहज उलटू शकते, पण सुटलेल्या पायरोफॉस्फेटाचे लगेच विघटन होत असल्याने ती पुढेच सरकते. मग ग्लायकोजेन सिंथेज हे विकर त्यातील ग्लुकोज साखळीच्या टोकाला जोडते. साखळीचा आरंभ मात्र ग्लायकोजेनिन या प्रथिनावर होतो.

ग्लायकोजेन मोडणारे फॉस्फोरिलेज हेच ते घडवतेही, असा पूर्वी समज होता. ब्वेनस आयर्समध्ये लुईस लेलुआर यांनी यूडीपी-ग्लुकोज शोधले आणि १९५७ मध्ये सहकारी कार्दिनी यांच्यासह ग्लायकोजेन त्यापासून बनते हे दाखवले. स्नायूंत फॉस्फोरिलेज नसलेल्या मॅकआर्डल विकाराच्या रुग्णांत ग्लायकोजेन उलट साचते, हा त्याला बोलका दुजोरा. लेलुआर यांना १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जीवाणू ग्लायकोजेनसाठी आणि वनस्पती स्टार्चसाठी प्रामुख्याने एडीपी-ग्लुकोज वापरतात.