प्रशिक्षकाला बोलायची परवानगी कधी मिळाली?

टीव्हीवर फुटबॉल बघताना राखीव खेळाडूंच्या बाकांपुढे आखलेला एक चौकोन तुम्ही पाहिला असेल. प्रशिक्षक त्यात येरझाऱ्या घालतो, हातवारे करतो, मधूनच फोर्थ ऑफिशियलशी हुज्जत घालतो. हे दृश्य फुटबॉलइतकंच जुनं असेल असं आपल्याला वाटतं. पण हा चौकोन, म्हणजे 'टेक्निकल एरिया', नियमांत आला तो थेट १९९३ मध्ये.

माझं संशोधन खेळांच्या नियमांच्या इतिहासावर आहे, त्यामुळे मला पडतो तो प्रश्न असा: त्याआधी प्रशिक्षक करायचा काय?

थोडं मागे जाऊ या. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये प्रत्येक संघ आपला एक पंच आणायचा. फाउल झाला असं वाटलं की खेळाडूंनी अपील करायचं, क्रिकेटमध्ये आजही करतात तसंच. दोन पंचांचं एकमत झालं नाही, तर वाद मैदानाबाहेरच्या तिसऱ्या माणसाकडे 'रेफर' व्हायचा, म्हणून तो रेफरी! १८९१ मध्ये त्याला मैदानात आणलं आणि पंचांचे लाइन्समन झाले. म्हणजे बघा, दाद मागणं हा आधी खेळाचाच भाग होता. ती बेशिस्त ठरली नंतर.

या सगळ्यात प्रशिक्षक कुठेच नाही. पुढे तो आला, मोठा झाला, तरी सामना चालू असताना बाहेरून सूचना द्यायला नियमांची बंदीच होती. ओरडणारे ओरडायचेच, ते सोडा. १९९३ मध्ये व्यवहार झाला तो असा: बोला, पण या चौकोनातून, एका वेळी एकानेच, आणि जबाबदारीने वागा. माझ्या मते यातली शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची होती, आणि तीच सगळ्यात मोघम राहिली.

या मोघमपणाची किंमत कुणी मोजली? अँडर्स फ्रिस्क यांचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २००५, चॅम्पियन्स लीग, बार्सिलोना विरुद्ध चेल्सी. स्वीडनच्या फ्रिस्क यांनी चेल्सीच्या द्रोग्बाला बाहेर काढलं आणि चेल्सी २-१ असा हरला. मध्यंतरात बार्सिलोनाचे प्रशिक्षक रायकार्ड रेफरीच्या खोलीत गेले होते, असा आरोप चेल्सीचे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांनी केला. मग फ्रिस्क आणि त्यांच्या कुटुंबाला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. मार्चमध्ये त्यांनी शिट्टी कायमची खाली ठेवली. वय होतं ४२. आंतरराष्ट्रीय रेफरीला तेव्हा ४५ पर्यंत काम करता यायचं. मोरिन्यो यांच्यावर युएफाने दोन सामन्यांची बंदी घातली. दोन सामने एका बाजूला आणि एका माणसाची उरलेली कारकीर्द दुसऱ्या बाजूला. हिशोब तुम्हीच करा.

प्रशिक्षकाने वागायचं कसं, हे नियमांत तपशिलाने आलं २०१९ मध्ये. निर्णयावर सौम्य नाराजी दाखवली तर ताकीद. उपहासाने टाळ्या वाजवल्या किंवा बाटली भिरकावली तर पिवळं कार्ड. रेफरीला जाब विचारायला मैदानात घुसलात तर लाल. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम: बाकावरून नेमकं कोण बोललं ते कळलं नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला. आपल्या शाळांमध्ये वर्गाच्या गोंगाटाबद्दल मॉनिटरला छडी मिळायची, त्यातलाच प्रकार.

तरीही ३१ मे २०२३ ला युरोपा लीगची अंतिम लढत हरल्यावर मोरिन्यो यांनी रेफरी अँथनी टेलर यांना शिवीगाळ केलीच. ती झाली बुडापेस्टच्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये, चौकोनापासून बरीच लांब. दुसऱ्या दिवशी विमानतळावर चिडलेल्या चाहत्यांनी टेलर यांना घेरलं तेव्हा त्यांचं कुटुंबही सोबत होतं. मोरिन्यो यांना या वेळी बंदी मिळाली चार सामन्यांची.