जुनं कार्ड, नवा कपॅसिटर

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला. त्यात जादा कार्डांसाठी ५ स्लॉट होते. त्या काळच्या कार्डांवरचे टँटलम कपॅसिटर आता शॉर्ट होतात, मग पॉवर सप्लाय चालूच होत नाही. १९९०च्या आसपासचे इलेक्ट्रोलिटिक गळतात, आणि ते द्रव तांब्याच्या रेषा खातं. म्हणजे बदलणं भागच आहे.

पण आपल्यासाठी कार्ड हाही दस्तऐवजच. चिपवर ८४३२ दिसलं, तर ती १९८४च्या ३२व्या आठवड्यातली. अशा खुणा सुट्या भागांवरच असतात. म्हणून आधी फोटो काढा, व्होल्टेज आणि प्लस-मायनस लिहा, काढलेला भाग पाकिटात ठेवा, दुरुस्तीची तारीख नोंदवा. नाहीतर पुढचा संशोधक तुमचाच कपॅसिटर मूळचा समजेल.